डाइंग, वेस्ट, हायपो : सारख्या उच्चारांचे इंग्रजी शब्द आणि पांडेसऱ्याच्या गिरण्या

सुरत शहराच्या दक्षिण भागातील पांडेसरा ही औद्योगिक वसाहत मुख्यतः कृत्रिम धाग्याचे कापड रंगवणे आणि छापणे या व्यवसायासाठी ओळखली जाते. तेथील गिरण्यांच्या नावांत ‘डाइंग अँड प्रिंटिंग’ ही जोडी हटकून आढळते. यातील ‘डाइंग’ हा शब्द नुसता ऐकला किंवा देवनागरीत वाचला, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : कापड रंगवणे आणि मरणे. रोमन लिपीत मात्र हा घोटाळा होत नाही. गिरणीच्या फाटकावरील शब्दात डी आणि वाय यांच्यानंतर ‘ई’ हे अक्षर येते. मरणाच्या शब्दात ते येत नाही. उच्चारात त्या अक्षराचा मागमूसही नसतो.

उधना जंक्शनहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, गिरणीत हिंदी आणि पोत्यांवर, पिंपांवर, पावत्यांवर इंग्रजी असा या कुटुंबांचा भाषाव्यवहार असतो. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मुलापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच पांडेसऱ्यातील मुलापुढेही असतो. फरक इतकाच, की तेथे त्याची परीक्षा उत्तरपत्रिकेपुरती मर्यादित राहत नाही.

शालेय पुस्तकांत अशा सर्व शब्दांची एकच यादी दिलेली असते आणि ती पाठ करून घेतली जाते. वस्तुतः त्यात दोन निरनिराळे प्रकार एकत्र झालेले असतात. पहिल्या प्रकारातील शब्दांचा उच्चार खुद्द इंग्रजांच्या तोंडीही एकच असतो, लेखन तेवढे वेगळे. तेथे कानाचा उपयोग नाही, डोळ्यानेच ओळखावे लागते. दुसऱ्या प्रकारातील शब्द इंग्रजीत स्पष्टपणे वेगळे उच्चारले जातात, पण मराठी कानाला ते एकसारखे वाटतात आणि देवनागरीत लिहिताच खरोखर एक होऊन जातात. म्हणजे पहिला घोटाळा इंग्रजीचा आहे आणि दुसरा आपला. दोहोंवरचे उपायही अर्थातच वेगळे आहेत.

‘डाइंग’ पहिल्या प्रकारातील. रंगवणे आणि मरणे या दोन अर्थांच्या शब्दांची लेखने इंग्रजीत फार जुन्या काळापासून वेगळी होती असे मात्र नाही. सॅम्युएल जॉन्सन यांच्या 1755 च्या प्रसिद्ध शब्दकोशात दोन्ही शब्द ‘डी-आय-ई’ असेच लिहिलेले आहेत. त्यांच्या थोडे आधीचे निबंधकार जोसेफ ॲडिसन दोन्ही ‘डी-वाय-ई’ असे लिहीत. आज रंगाला वाय आणि मरणाला आय ही वाटणी पक्की झाली आहे. मरणाच्या क्रियापदाला ‘इंग’ लागताना आय आणि ई जाऊन वाय येतो, तर रंगाच्या क्रियापदातील ई मुद्दाम राखली जाते, म्हणून ‘डाइंग’ची दोन रूपे वेगळी दिसतात. गिरणीच्या परिभाषेत अशी राखून ठेवलेली ई आणखी एका ठिकाणी भेटते. सुती कापडावरील बारीक तंतूंची लव ज्वालेवरून झपाट्याने नेऊन जाळतात, त्या क्रियेला ‘सिंजिंग’ म्हणतात. त्यातील ई गळाली की शब्द ‘सिंगिंग’ म्हणजे गायन असा होतो. येथे ती ई निव्वळ ओळखीची खूण नाही. तिच्यामुळेच आधीच्या जी या अक्षराचा उच्चार ‘ज’ राहतो.

‘ग्रे’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. रंगवण्यापूर्वीच्या कोऱ्या कापडाला सुरतेत सर्वत्र ‘ग्रे’ म्हणतात. नवखा माणूस राखाडी कापड शोधू लागतो आणि त्याच्यासमोर पांढरट तागे येतात. हा शब्द ‘कच्चा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला असून त्याचे मूळचे रूप ‘ग्रेज’ असे आहे. राखाडी रंगाच्या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळला आणि बाजाराने दोन्ही एकच करून टाकले. विणकामात ताण्याला ‘वॉर्प’ म्हणतात आणि माल गुंडाळून बांधण्याला ‘रॅप’. ऐकताना यांत काहीही साम्य नाही. तथापि रोमन लिपीत दोघांची चारही अक्षरे तीच आहेत, फक्त मधल्या ए आणि आर यांची अदलाबदल झालेली, आणि ‘रॅप’च्या आरंभीचा डब्ल्यू मुका. ही गफलत वाचणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नव्हे.

आता दुसरा प्रकार. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘वेस्ट’ हे आहे. देवनागरीत हा शब्द लिहिला की त्यातून निदान चार इंग्रजी शब्द डोकावतात : पश्चिम दिशा, बनियन, वाया गेलेला माल आणि कंबर. पांडेसऱ्यात चारही उपयोगाचे. चिंध्या आणि टाकाऊ कापड एका अर्थी वेस्ट, कपड्याच्या मापातील कंबर दुसऱ्या अर्थी, अंगात घालायचे बनियन तिसऱ्या अर्थी, आणि शेजारून धावणारी रेल्वे तर नावानेच वेस्टर्न. यातील वाया गेलेला माल आणि कंबर हे दोन शब्द इंग्रजीतही तंतोतंत एकाच उच्चाराचे आहेत. त्यांत केवळ लेखनाचा भेद आहे. उरलेले दोन मात्र कानाने वेगळे करता येतात. मालाच्या व कंबरेच्या शब्दातील स्वर ‘ए’वरून ‘इ’कडे घसरत जातो, जवळजवळ ‘वेइस्ट’ असा. दिशेचा आणि बनियनचा स्वर तोकडा असतो, तो कोठेही घसरत नाही. मराठीत ‘ए’ एकच असल्याने ही घसरण आपण ऐकतच नाही.

बनियन आणि पश्चिम यांतील भेद ‘व’चा आहे. इंग्रजीत व्ही उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. डब्ल्यूच्या वेळी दातांचा संबंध येत नाही, दोन्ही ओठ गोल होतात. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधोमध कोठेतरी उच्चारला जातो. म्हणून वेलीचा ‘वाइन’ आणि मद्याचा ‘वाइन’ आपल्याला एकच वाटतात. गोव्यात दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द जागोजागी दिसत असल्याने तेथील वाचकाला या उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही.

‘वेट’ या शब्दाने तर गिरणीत खराखुरा गोंधळ होऊ शकतो. कापड पाण्यात घालून त्यावर केल्या जाणाऱ्या सर्व क्रियांना ‘वेट प्रोसेसिंग’ म्हणतात. तेथे वेट म्हणजे ओले. पॉलिएस्टर कापडाला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवून त्याच्या तंतूंचा वरचा थर झिजवला जातो, त्यामुळे कापड हलके, मऊ आणि रेशमासारखे पडते. या क्रियेचे नाव ‘वेट रिडक्शन’. येथे वेट म्हणजे वजन. देवनागरीतील किंवा गुजरातीतील फळ्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. ओलावा कमी करणे आणि वजन कमी करणे यांत कापडाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. उच्चारातील फरक ‘वेस्ट’सारखाच : वजनाचा स्वर घसरता, ओल्याचा तोकडा. थांबण्याचा ‘वेट’ मात्र वजनाच्या ‘वेट’शी उच्चारात अगदी एकरूप आहे आणि लेखनातच वेगळा ओळखू येतो.

कापडाची बांधलेली गाठ ती ‘बेल’, न्यायालयातून मिळणारा जामीन तोही ‘बेल’, पाळी संपल्याची घंटा ती ‘बेल’. यात शंकराला वाहतात तो बेल मिळवला म्हणजे चार होतात. जामीन आणि गाठ इंग्रजीत समोच्चारी आहेत, घंटेचा स्वर तोकडा आहे. तरीही व्यवहारात संदर्भामुळे हे शब्द क्वचितच एकमेकांच्या वाटेत येतात, त्यामुळे त्यांची फार चिंता करण्याचे कारण नाही.

ऱ्हस्व आणि दीर्घ इकारांचा प्रश्न अधिक खोल आहे. मराठी व्याकरणाच्या तासाला दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, चिर म्हणजे दीर्घकालीन आणि चीर म्हणजे वस्त्र, अशा जोड्या सर्वांनीच पाठ केलेल्या असतात. पण या जोड्या आपण डोळ्याने ओळखतो. बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलल्याची जाणीव मराठीत जवळपास उरलेली नाही, आणि गुजरातीतही नाही. शिवाय खीर, मीठ, गरीब, फूल यांप्रमाणे अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याची मराठीची रीत हाताला इतकी वळण लावून गेलेली असते, की ‘मिल’ सहजच ‘मील’ होते. इंग्रजीत ‘मिल’ म्हणजे गिरणी आणि ‘मील’ म्हणजे जेवण. ‘फिल’ म्हणजे भरणे, ‘फील’ म्हणजे वाटणे. ‘लिव्ह’ म्हणजे राहणे, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे किंवा रजा. तेव्हा ‘मी पांडेसऱ्यात राहतो’ असे इंग्रजीत सांगणारा इकार लांबवून बसला, तर ऐकणाऱ्याला तो पांडेसरा सोडून निघाल्यासारखे वाटेल. हा भेद केवळ लांबीचा आहे, ही आणखी एक गैरसमजूत. ‘मिल’मधील स्वर उच्चारताना जीभ किंचित खाली आणि सैल असते, ‘मील’मध्ये ती वर चढून ताणली जाते. त्यामुळे ‘मिल’ कितीही लांबवला तरी त्याचा ‘मील’ होत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी विद्यार्थी शेजाऱ्यांपेक्षा सुदैवी आहे. ‘बॅड’ आणि ‘बेड’, ‘पॅन’ आणि ‘पेन’, ‘कॉट’ आणि ‘कोट’ हे भेद मराठी लिपी नीट दाखवते. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. लेखनात ते त्यापूर्वीच रुळले होते. हिंदीत ‘ॲ’चे काम ‘ऐ’वर भागवले जाते. गिरणीतील पाट्या हिंदीत वाचणाऱ्या मराठी मुलाने घरचा ॲ विसरू नये, एवढेच. ‘ज’च्या बाबतीत मात्र आपली लिपीच अपुरी पडते : पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग यांचे लेखन एक, उच्चार दोन. इंग्रजीतील ‘स’ आणि ‘झ’ यांच्या भेदाकडे आपले दुर्लक्ष होण्याचे थोडेफार मूळ येथे असावे. ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणे, हे दोन्ही आपण ‘लूज’ असे उरकतो. ‘प्राइस’ म्हणजे किंमत, ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस.

आकड्यांत हीच चूक पैशाची होते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ हे शब्द इंग्रज माणूस आघातावरून ओळखतो : दहाच्या पटीतील संख्येत जोर पहिल्या अवयवावर असतो, तेरा ते एकोणीसमध्ये तो प्रायः ‘टीन’वर पडतो. मराठीत अशा आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सर्व अवयव सारख्याच जोराने उच्चारतो आणि शेवटचा ‘न’ यंत्रांच्या खडखडाटात विरून जातो. पंधरा ताग्यांच्या जागी पन्नास तागे निघू नयेत म्हणून दूरध्वनीवर संख्या सांगताना ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ असे अंक सुटे करून सांगणे हाच त्यावरचा शहाणा उपाय.

ज्या शब्दांत जिवाचा प्रश्न असतो, ते रसायनांच्या गोदामात असतात. सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फाइड ही तीन नावे घाईत उच्चारली की एकच वाटतात. तिन्ही पदार्थ कापडाच्या धंद्यात उपयोगी आहेत. सल्फेट हे एक निरुपद्रवी मीठ असून सुती कापडावर रंग चढवताना ते वापरतात. सल्फाइट बॉयलरच्या पाण्यातील प्राणवायू काढून टाकण्यासाठी घालतात. सल्फाइड गंधकयुक्त रंगांसाठी लागते आणि त्यावर आम्ल पडले तर हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा प्राणघातक वायू बाहेर पडतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून तो अधिक धोक्याचा. या नावांच्या शेवटांना नियम आहे. ‘एट’ असेल तेथे प्राणवायू अधिक, ‘आइट’ असेल तेथे त्याहून कमी, ‘आइड’ असेल तेथे मुळीच नाही. ‘एट’ आणि ‘आइट’ यांची ही व्यवस्था 1787 साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए, गितों द मॉर्व्हो, फूर्क्रुआ आणि बर्थोले या चौघांनी प्रसिद्ध केलेल्या नामकरणपद्धतीतून आली. यांतील बर्थोले हे क्लोरीनने कापड विरंजित करण्याच्या पद्धतीचे जनक, म्हणजे पांडेसऱ्याच्या व्यवसायाचे एका अर्थी पूर्वजच.

गिरणीत नावे तोडून वापरण्याची रीत या घोटाळ्यात भर घालते. ‘हायड्रो’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पॉलिएस्टर रंगवल्यावर कापडाच्या पृष्ठभागावर उरलेला रंग त्याने धुऊन काढतात. त्याच्या नावातील शेवटच्या ‘ट’चा ‘ड’ झाला तर ‘हायड्रोसल्फाइड’ हा आम्लाशी गाठ पडताच वर सांगितलेला वायू सोडणारा पदार्थ होतो. ‘हायपो’ची कथा त्याहून विचित्र आहे. गिरणीतील एकाचा हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जे क्लोरीनच्या बळावर कापड पांढरे करते. दुसऱ्याचा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे कापडात उरलेला क्लोरीन नाहीसा करते. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीतला हायपो तो हाच. त्याचे जुने नाव ‘हायपोसल्फाइट’ असे होते. एकाच हाकेने बोलावलेले हे दोन पदार्थ परस्परविरुद्ध काम करतात. वैद्यकातील ‘हायपो’ आणि ‘हायपर’ ही उपसर्गांची जोडीही इतकीच जपून ऐकण्यासारखी आहे. पहिला ग्रीक उपसर्ग उणेपणाचा, दुसरा अतिरेकाचा. रक्तदाबाच्या रुग्णाला त्यांतील फरक सांगावा लागत नाही.

6 जानेवारी 2022 रोजी पांडेसऱ्याच्या दक्षिणेकडील सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू उठला आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. ती घटना बेकायदा विल्हेवाटीची होती, शब्दांच्या गल्लतीची नव्हती. परंतु या परिसरात कोणत्या द्रवात काय मिसळले जाते याला किती महत्त्व आहे, ते तिच्यावरून कळते. नावावर विसंबू नये म्हणून रसायनाला सी. ए. एस. क्रमांक दिलेला असतो आणि तो पदार्थाच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. सोडियम सल्फेटचा क्रमांक 7757-82-6, सल्फाइटचा 7757-83-7 आणि सल्फाइडचा 1313-82-2. पहिले दोन पाहता पूर्ण क्रमांक वाचण्याला पर्याय नाही.

उपसर्गांकडे लक्ष दिले तर पहिल्या प्रकारातील बरीच यादी आपोआप सुटते. पांडेसऱ्यात गिरण्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. त्याच्या इंग्रजी नावातील ‘एफ्लुअंट’ म्हणजे बाहेर वाहणारे पाणी, तर ‘ॲफ्लुअंट’ म्हणजे सधन, ज्याच्याकडे पैसा वाहत येतो असा. दोहोंच्या मुळाशी वाहण्याचा लॅटिन धातू एकच. ‘एक्स’ हा उपसर्ग बाहेर नेणारा आणि ‘ॲड’ हा जवळ आणणारा. हीच जोडी ‘इफेक्ट’ म्हणजे परिणाम आणि ‘अफेक्ट’ म्हणजे परिणाम करणे यांत आहे; ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून आणि ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे यांतही आहे. गोव्याच्या घराघरांत परिचित असलेले ‘एमिग्रेशन’ आणि ‘इमिग्रेशन’ हे शब्द याच कुळातले. आखातात नोकरीला जाणाऱ्याच्या पारपत्राशी ज्याचा संबंध येतो तो 1983 चा कायदा एमिग्रेशनचा, देश सोडून जाण्याचा. परक्या विमानतळावर उतरल्यावर जी रांग लागते ती इमिग्रेशनची, आत येण्याची. मराठी वृत्तपत्रांत सर्रास दोन्हींसाठी ‘इमिग्रेशन’ छापले जाते, ते टाळता येण्यासारखे आहे. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल आणि ‘प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्व, किंवा ‘स्टेशनरी’ म्हणजे स्थिर आणि ‘स्टेशनरी’ म्हणजे लेखनसाहित्य, यांना मात्र असा आधार नाही. ती स्पेलिंगे लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

उपसर्गाचा हा भरवसाही एका शब्दाजवळ दगा देतो, आणि तो शब्द नेमका रस्त्यावर भेटतो. ‘फ्लेमेबल’ म्हणजे ज्वालाग्राही. त्यावरून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असे कोणीही समजेल, कारण ‘इन’ हा उपसर्ग इंग्रजीत बहुधा नकार दाखवतो. येथील ‘इन’ मात्र नकाराचा नाही, तर ‘आत’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच पेटवणे. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे. या गैरसमजातून अपघात होऊ नयेत म्हणून अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने 1920 च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. भारतीय टँकरांच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही अक्षरे आजही रंगवलेली दिसतात. न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ असा शब्द आहे. टँकरावर लाल चौकोन कोनावर उभा केलेला असून त्यात ज्वाळेचे चित्र आणि खाली 3 हा अंक असेल, तर आत पेटणारा द्रव आहे असे समजावे, मग शेजारी शब्द कोणताही लिहिलेला असो.